ब्रेकडाऊन लॉरी 'ओरिजिनल' करायची म्हणजे नक्की कधीची?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. सांगलीकडच्या एका बंद पडलेल्या बस कंपनीच्या शेडमधे जुनी ब्रेकडाऊन लॉरी, म्हणजे बंद पडलेल्या बस ओढून आणायची गाडी, निघालीय, पुढं लाकडी केबिन, मागं हातानं फिरवायची क्रेन, तुम्ही सहा-सात जणांनी वर्गणी काढून ती भंगारात जायच्या आत उचललीत, एका म्युझियमवाल्यांनी छपराखाली जागा द्यायचं कबूल केलंय, आणि आता "काका, हिला अगदी ओरिजिनल, शोरूममधून आल्यासारखी करायची तर सुरुवात कुठनं करू" असं विचारलंयस. काका म्हणालास म्हणून अरे-तुरेच करतो.

सुरुवात करू नकोस. निदान दोन-तीन महिने पत्र्याला पॉलिश पेपर लागता कामा नये. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

माझी ओळख एवढीच की वडील दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधे फिटर होते, मी डिप्लोमा करून आधी पुण्यात आणि मग इंग्लंडात बस गॅरेजमधे पाने फिरवले, आणि गेली वीस-बावीस वर्षं शनिवार-रविवार इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या, एका ट्रान्सपोर्ट म्युझियमच्या शेडमधे घालवतोय. माझ्या वाट्याला कायम सर्व्हिसच्या गाड्या आल्या कारण बसवर काम करायला माणसांची रांग असते, ब्रेकडाऊन लॉरीकडं कुणी फिरकत नाही. त्यामुळे जे सांगतो ते सगळं इथल्या गाड्यांवर शिकलेलं, तुझ्या गाडीला लागू पडेल तेवढं घे.

आधी ही जमात काय आहे ते समजून घे. बस कंपनी म्हटलं की आपल्याला बस दिसते पण तिच्या मागं एक दुसरा ताफा असायचा, ब्रेकडाऊन लॉऱ्या, ट्रॉलीबस-ट्रामच्या तारा दुरुस्त करायच्या टॉवरगाड्या, डबलडेकरच्या वाटेतल्या फांद्या छाटायच्या गाड्या, थंडीत रस्त्यावर मीठ-वाळू टाकणाऱ्या, तिकिटांची बंडलं डेपोत पोचवणाऱ्या व्हॅन, शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हर-कंडक्टरना चहा-खाणं देणारी फिरती कँटीनं. लंडन ट्रान्सपोर्टकडं तर असल्या गाड्यांचा पार वेगळा नंबर-कारभार होता, आकड्यामागं एक अक्षर. पॅसेंजर यांच्यात कधी बसला नाही म्हणून कुणी प्रेम केलं नाही. लंडनची ती प्रसिद्ध डबलडेकर राउटमास्टर बस बघ, एकूण २८७६ बनल्या आणि हजाराच्या वर आजही कुठं ना कुठं आहेत, लग्नाला भाड्यानं मिळतात. त्याच राउटमास्टर मध्यरात्री ओढून आणणाऱ्या किती लॉऱ्या राहिल्या? हाताच्या बोटांवर मोजता येतील असं नाही म्हणत, पण एका शेडमधे मावतील इतपतच.

आणि या गाड्यांची खरी गंमत अशी की त्यातल्या बऱ्याचशा कुठल्या कारखान्यातून तशा आलेल्याच नसायच्या. डेपोनं बनवलेल्या. इथलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे एईसी मॅटाडोर. एईसी म्हणजे लंडनच्या बस बनवणारी साउथॉलची कंपनी. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश सैन्यासाठी तोफ ओढायचा ट्रक बनवला, चारी चाकांना ताकद, साधारण साडेसात लिटरचं सहा सिलिंडर डिझेल इंजिन, ९५ हॉर्सपॉवर, आणि चेसीवर सात टनाचं विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओझं ओढायचं यंत्र, त्यावर ७६ मीटर तारेचा दोर. असे नऊ हजारांच्या वर बनले. युद्ध संपलं आणि सैन्यानं ते लिलावात काढले. बस कंपन्यांच्या इंजिनियरांनी बघितलं की इंजिन तर आपल्याच बसच्या भावकीतलं, स्पेअर पार्ट आपल्याच स्टोअरमधे, रिकामी डबलडेकर सात-साडेसात टन भरते आणि हा गडी तोफा ओढून आलेला. मग काय, देशभरच्या डेपोंनी मॅटाडोर घेतले आणि प्रत्येकानं आपल्या मनासारखी बॉडी बांधली. कुणी सैन्याची केबिन तशीच ठेवून मागं हार्वे फ्रॉस्टची क्रेन बसवली, कुणी केबिन उडवून जुन्या बसची पुढची काच, बसच्याच खिडक्या, बसचं सीट, दिवेसुद्धा बसचे लावून अशी गाडी केली की लांबून बघितलं तर बस लहानपणी कशी दिसत असेल तशी वाटावी.

आता तूच सांग, यातली ओरिजिनल कोणती? १९४२ ची तोफ ओढणारी की १९५५ ची बस ओढणारी?

हा नुस्ता शब्दांचा खेळ नाही, यावरून गाड्या गेल्यात. लष्करी गाड्यांची हौस असलेले लोक इथं भरपूर. ते डेपोतून निघालेला मॅटाडोर घेतात, वरची बस कंपनीची बॉडी कापून भंगारात देतात, हिरवा रंग मारतात आणि तोफेच्या ट्रकाचा तोफेचा ट्रक करून प्रदर्शनात उभा करतात. त्यांच्या दृष्टीनं बरोबरच आहे, गाडीही सुंदर दिसते. पण सैन्याचा मॅटाडोर असे शेकड्यांनी आहेत आणि अमुक डेपोच्या सुतारानं नि लोहारानं बांधलेली ती एक बॉडी जगात एकच होती, ड्रॉइंगसुद्धा बहुतेक वेळा नसायचं, फोरमननं जमिनीवर खडूनं आखलं की झालं ड्रॉइंग. ती गेली की गेली. म्हणून माझं मत, आणि यावर माझी शेडमधे भरपूर भांडणं झालीयत, की सर्व्हिसच्या गाडीत डेपोनं केलेले बदल हाच म्युझियममधे ठेवायचा माल आहे. कंपनीचा चेसी हा त्या मालाखालचा पाट.

तुझ्या लॉरीलाही हेच. चेसी कुणाचा का असेना, कंपनीतून ती साधा ट्रक म्हणूनच आली असणार. शोरूमसारखी करायला गेलास तर क्रेन काढावी लागेल, केबिन काढावी लागेल. मग राहिलं काय?

म्हणून पहिलं काम कॅमेऱ्याचं. गाडी जशी मिळाली तशी, धुळीसकट. बाहेरून चार बाजू सगळेच काढतात, तू आतून काढ. दारांच्या आतल्या बाजू, सीटखाली, हत्यारांच्या पेटीच्या झाकणाची खालची बाजू, छताची आतली बाजू जिथं ड्रायव्हरच्या डोक्याचा तेलकट डाग असतो. आम्हाला एका लॉरीत डाव्या दाराच्या आत खडूच्या रेघा सापडल्या, चार उभ्या आणि एक आडवी, तशा ओळीच्या ओळी. आधी कुणाला कळेना. एक जुना डेपोवाला म्हातारा आला, बघितलं आणि हसायला लागला, म्हणाला त्या हिवाळ्यातल्या टोचन आहेत, म्हणजे ओढून आणलेल्या बस, रात्रपाळीवाल्यांची दिवसपाळीशी पैज असायची. खडू, बघ. ओलं फडकं एकदा फिरलं असतं तर संपलं होतं. आता त्यावर दाराला न टेकणारी प्लास्टिकची पारदर्शक शीट लावलीय, मधे बोटभर फट ठेवून, म्हणजे हवा खेळती राहते आणि पोरं बोट लावू शकत नाहीत.

आणि हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, मी स्वतः माती खाल्लेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका लॉरीच्या मागच्या पेटीच्या झाकणावर कुणीतरी नंतर मारलेल्या राखाडी रंगाचे शिंतोडे होते, मी थिनरचा बोळा घेऊन पुसायला बसलो. खाली ब्रशनं लिहिलेलं होतं, "साखळ्या पुसून ठेवा" अशा अर्थाचं इंग्रजीत, स्पेलिंग चुकलेलं, कुणा वैतागलेल्या फोरमननं लिहिलेलं. मला दिसेपर्यंत अर्धं बोळ्यावर आलं होतं. दहा सेकंद लागली असतील. नंतर आमच्या ग्रुपातल्या एकानं फोटोवरून परत लिहून देऊ का विचारलं, मी नको म्हटलं. फोटोच नव्हता कुठं.

रंगाचं तंत्र आता सांगतो कारण तू रंगापासूनच सुरुवात करणार हे मला दिसतंय. जुन्या गाडीवर रंगाचे थर असतात, ते वाचायला शिक. झाकलेली जागा निवड, नंबरप्लेटच्या मागं किंवा बिजागरीजवळ, रुपयाच्या नाण्याएवढी, आणि बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून गोल गोल घास, मधे जास्त आणि कडेला कमी. झाडाच्या खोडात वर्षं दिसतात तशी रंगांची वर्तुळं उघडतात. आमच्या एकीत वरून पिवळा, मग लाल, परत लाल पण गडद, मग क्रीम रंगाचा पट्टा, राखाडी प्रायमर आणि सगळ्यात आत सैन्याचा हिरवा. तिचं अख्खं आयुष्य अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. प्रत्येक थराचा रंग दिवसाच्या उजेडात रंगाच्या कार्डाशी जुळवून लिहून ठेव, ट्यूबलाइटखाली जुळवशील तर फसशील. घासताना पाणी वापरायचंच, कोरडं नाही, जुन्या रंगात शिसं असतं आणि ती धूळ नाकात गेली की बाहेर येत नाही.

मग ठरव कुठल्या सालची गाडी दाखवायची. हा निर्णय लिहून ठेवायचा, सगळ्यांनी सह्या करायच्या, हसू नको, दोन वर्षांनी कुणीतरी येतो आणि म्हणतो लाल नको निळा करू. आणि शक्य असेल तर एक पॅनल अजिबात रंगवू नका. आमच्याकडं उजवीकडची मागची पेटी आहे तशी ठेवलीय, बाकी गाडी रंगवलेली. दिसायला विचित्र दिसते, लोक विचारतात हे राहिलं का, आणि तेवढ्या प्रश्नावर अर्धा तास गप्पा होतात.

सँडब्लास्टिंगवाला कोणीतरी भेटेलच, स्वस्तात करून देतो म्हणेल. चेसीला ठीक आहे, बॉडीच्या पत्र्याला नाही. पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा त्या माऱ्यानं तापतो, ताणतो आणि पापडासारखा फुगतो, मग त्यावर किलोनं लांबी भरत बसायचं.

लाकूड. केबिनच्या आतला सांगाडा इथं बहुतेक अॅश लाकडाचा, तुझ्याकडं बहुधा सागवान असेल, ते नशीब समज. पत्रा लाकडावर खिळ्यांनी ठोकलेला असतो, त्या खिळ्यांतून पाणी झिरपतं आणि सांगाडा खालून, दाराच्या उंबऱ्याकडून कुजतो. स्क्रूड्रायव्हर टोचून बघ, बाहेरून धडधाकट दिसणारं लाकूड आत बिस्किटासारखं असतं. बारीक भोकं आणि खाली ताजा पिवळसर भुस्सा दिसला तर पोखरणारा किडा अजून जिवंत आहे, ती गाडी बाकीच्या गाड्यांच्या शेजारी उभी करायच्या आधी त्याचा बंदोबस्त कर. कुजलेलं तेवढंच कापायचं आणि तिथं त्याच जातीचं लाकूड तिरका सांधा करून जोडायचं. नवीन तुकड्यावर आतल्या बाजूनं साल कोरायचं. इपॉक्सी ओतून सगळं भरून टाकायचा मोह होतो, मीही केलंय, पण इपॉक्सीचा गोळा आणि लाकूड वेगवेगळं फुगतं-आकसतं आणि पाचेक वर्षांनी त्याच कडेला परत पाणी साचतं. जुना सांगाडा काढलाच तर फेकू नको, चिठ्ठी बांधून ठेव. सुताराला माप त्याच्यावरूनच मिळतं.

क्रेन आणि विंच याबद्दल मात्र मी कडक आहे. जत्रेत लोक म्हणणार, काका जरा क्रेन चालवून दाखवा की. इथं उचलायच्या यंत्रसामग्रीचा १९९८ चा कायदा आहे, क्रेननं काही उचलायचं तर सक्षम माणसाकडून ठराविक काळानं तपासणी आणि कागद हवा. आम्ही सरळ ठरवलं की क्रेन फिरेल, उचलणार नाही. गिअरना ग्रीस, हँडल फिरतं, कप्पी फिरते, पण हुक साखळीनं जखडलेला आणि वर पाटी. तारेचा दोर तपासायचा तर कातडी हातमोजे घाल आणि फडकं धरून दोरावरून सरकव, तुटलेली तार असेल तिथं फडकं अडकतं. उघड्या हातानं कधीच नाही, ती तार सुईसारखी तळव्यात घुसते. दोर जरा पिळून उघडून आतल्या तारा बघ, बाहेरून ग्रीस चोपडलेला छान काळा दोर आत तांबडा भुगा झालेला असतो. असा दोर गाडीवर ठेवायला हरकत नाही, वस्तू म्हणून ठेव, पण भार देऊ नको.

त्याहून जास्त लोक जे टाकून देतात ते म्हणजे सामान. ब्रेकडाऊन लॉरी म्हणजे लॉरी कमी आणि सामान जास्त. ओढायचा लोखंडी दांडा, साखळ्या, जॅक, टामी, कंदील, आणि लाकडी ठोकळे. इथं एक ढकलगाडीसारखी दोन चाकांची चीज असायची, तिला अँब्युलन्सच म्हणायचे, बसचा पुढचा अॅक्सल मोडला की त्याखाली ती सरकवायची आणि बस तिच्यावर टेकवून ओढायची. आमची अशी एक अँब्युलन्स वर्षानुवर्षं शेडच्या मागं फुलझाडांच्या कुंड्या ठेवायला वापरात होती, कुणाला पत्ताच नाही. ठोकळ्यांचं तर विचारू नको. चौकोनी, तेलानं काळे झालेले, वरच्या बाजूला अॅक्सलचा दाब पडून झालेले खळगे. मी येण्याआधी अर्धे शेकोटीत गेले होते. तुझ्या शेडमधे परत जा आणि कोपरे धुंडाळ. जो दांडा तुला भंगार वाटतोय तो त्याच गाडीचा असेल, टोकाला पिन आणि भोक जुळतंय का बघ.

टॉवरगाडी कधी हाती आली तर वेगळी काळजी. ट्रॉलीबस आणि ट्रामच्या तारा इथं साधारण ५५० ते ६०० व्होल्ट डीसीच्या, आणि माणसं त्या चालू तारेवर काम करायची, सर्व्हिस बंद न करता. टॉवर लाकडाचा तो म्हणूनच, हौस म्हणून नाही. ट्रामला वर एकच तार, परतीचा करंट रुळातून जातो, त्यामुळे लाकडी टॉवरवर उभा असलेला माणूस तारेला शिवला तरी वाचायचा. ट्रॉलीबसला रूळ नाहीत, वर दोन तारा शेजारी शेजारी, एक धन एक ऋण. एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरी आली की खाली कितीही लाकूड असू दे. म्हणून त्या टॉवरच्या लाकडाला धातूची पट्टी ठोकून मजबुती आणू नकोस, बघणाऱ्याला चुकीची गोष्ट शिकवशील. आपल्याकडं मुंबईत ट्राम विजेवर आली ७ मे १९०७ ला आणि शेवटची धावली ३१ मार्च १९६४ ला, ट्रॉलीबस १९६२ ते १९७१. म्हणजे साठेक वर्षं कुणीतरी रोज असल्या टॉवरवर चढत होतं. अणिक डेपोत बेस्टचं म्युझियम आहे तिथं कधी गेलास तर ट्राम बघून झाल्यावर जुन्या फोटोंच्या कोपऱ्यांत बघ, मुख्य बसच्या मागं अर्धवट कापली गेलेली कुठली गाडी दिसते का. मी तरी कुठल्याही जुन्या फोटोत आधी कोपरेच बघतो, सवय लागलीय.

फांद्या छाटायच्या गाडीचा विषय निघाला की मला राहवत नाही. डबलडेकरची उंची इथं साधारण साडेचौदा फूट, आणि वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर काच आणि काचेसमोर फांदी. म्हणून जुन्या डबलडेकरचंच वरचं छप्पर कापायचे, तिथं माणसं करवती घेऊन उभी आणि गाडी रूटवरनं हळूहळू. लंडन ट्रान्सपोर्टनं युद्धाच्या आधीच्या एसटीएल नावाच्या डबलडेकर बस अशा कापल्या होत्या. कल्पना कर, एखाद्या उत्साही माणसाला अशी गाडी मिळाली आणि त्यानं छप्पर परत बसवून तिची बस केली. झालंच की तेच.

आता यांत्रिक बाजू, ती तुला येत असणार म्हणून पटापट.

इंजिन दर रविवारी पाच मिनिटं चालू करून बंद करायचं, ही सगळ्यात वाईट सवय. इंजिन गरम होत नाही, आत पाणी धरतं, ते तेलात मिसळतं आणि बेअरिंग खातं. चालवायचंच तर पूर्ण गरम होईपर्यंत, जमल्यास गाडी हलवून, नाहीतर चालवूच नको, हातानं चार फेरे फिरवून ठेव. टाकीत आजचं डिझेल वर्षानुवर्षं ठेवू नको, इथल्या पंपावरच्या डिझेलमधे सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असतं, ते पाणी ओढतं, त्यात शेवाळासारखा चिकट गाळ होतो आणि जुने रबरी सील सुजतात. रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि डाग (सोल्डर) दिलेला असेल तर नव्या जातीचं लाँग लाइफ कूलंट घालू नको, ते डाग खाण्याची भीती असते, जुन्या पद्धतीचं साधं निळं बरं. इथं आम्हाला थंडीत ब्लॉक फुटायची भीती, तुला सांगलीत ती नाही पण नळाच्या क्षाराची आहे.

चाकं. गाडीचं वजन टायरवर ठेवायचं नाही, अॅक्सलखाली पक्के घोडे लावायचे, स्प्रिंगच्या पाट्यांवरचा ताणही जरा कमी होतो. आणि एक गोष्ट लक्षात ठेव, जुन्या ट्रकच्या रिमा बहुतेक तुकड्यांच्या, बाहेरून लॉक रिंग बसवलेली. गंजलेली रिंग हवा भरताना सुटली तर तोफेच्या गोळ्यासारखी जाते, माणसं मेलीयत त्यानं. आधी हवा पूर्ण काढ, व्हॉल्व्हची सुईसुद्धा काढ, मगच नटला पाना लाव. भरताना पिंजऱ्यात ठेवून, लांब पाइप लावून, स्वतः बाजूला उभं राहून. गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडं नेऊ नको, त्याची आणि तुझी दोघांची काळजी म्हणून सांगतोय.

अॅस्बेस्टॉस ब्रेक लायनिंगमधे, क्लचमधे, सायलेन्सरच्या गुंडाळीत आणि कधी कधी केबिन नि इंजिन यांच्यामधल्या पुठ्ठ्यासारख्या दिसणाऱ्या शीटमधे असतं. आमच्या पिढीनं ब्रेक ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेनं धूळ उडवली, वडिलांनी तर रोज. ते करू नको. शीट दिसली की हात लावायच्या आधी नमुना तपासून घे, आणि असेलच तर सुटी न करता सील करून तिथंच ठेवता येते का बघ.

शेडबद्दल एकच, छप्पर असलं म्हणजे झालं असं नाही. हवेतला दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवता आला तर लोखंड आणि लाकूड दोघं खूश, साठाच्या वर गेला की लोखंड बोंब मारतं आणि फार खाली गेला की लाकूड तडकतं. तुमच्या पावसाळ्यात हे अवघड आहे, मला मान्य. पण निदान गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका. आत घाम धरतो, गाडी उघड्यावर जितकी सडेल त्याहून लवकर ताडपत्रीत सडते. सुती चादर टाका आणि खालून हवा जाऊ द्या.

कागदपत्रांचा एक घोळ सांगतो, तुझ्याकडं वेगळ्या रूपात येईल. इथल्या कितीतरी ब्रेकडाऊन लॉऱ्यांना स्वतःचा नंबरच नव्हता, त्या गॅरेजच्या ट्रेड प्लेटवर फिरायच्या, पांढऱ्यावर लाल अक्षरं, आज या गाडीला उद्या त्या गाडीला. त्यामुळे गाडीचा जन्मदाखला नाही. मग चेसी नंबर, इंजिन नंबर, डेपोच्या नोंदवह्या, असं जुळवत जुळवत तिचं वय सिद्ध करावं लागतं आणि नोंदणी खातं त्या वयाला शोभेल असा नंबर देतं. तुझ्या लॉरीचा चेसी नंबर गंजाखाली असेल, वायर ब्रश नको, गंजावर तेल सोड, चार दिवस थांब, मऊ पितळी ब्रशनं हळू काढ आणि टॉर्च आडवा धरून फोटो घे. खोडून परत ठोकलेला दिसला तरी घाबरू नको, चेसी बदलणं हे डेपोचं रोजचं काम होतं.

आणि माणसं. हे मी शेवटी लिहितोय पण करायचं आधी. इथं २६ ऑक्टोबर १९८६ ला लंडन सोडून बाकी देशात बस धंदा मोकळा झाला, कंपन्यांचे तुकडे पडले, पुढं बऱ्याच ठिकाणी ओढून आणायचं काम बाहेरच्या रिकव्हरीवाल्यांना गेलं आणि डेपोच्या लॉऱ्या कोपऱ्यात गेल्या. तेव्हा जे तिशीत होते ते आता सत्तरीत. आमचा तो खडूच्या रेघांवाला म्हातारा त्यानंतर दोनदाच आला. एकदा त्यानं क्रेनच्या हँडलला बांधलेली सायकलच्या ट्यूबची चिंधी बघितली, आम्ही ती घाण म्हणून काढणार होतो, आणि सांगितलं की पावसात हात घसरून हँडल उलटं फिरलं आणि एकाचा जबडा गेला, तेव्हापासून ती ट्यूब. ती चिंधी अजून तिथंच आहे, कुजून निम्मी झाली तरी, आणि शेजारी चार ओळींचा कागद लावलाय.

तेव्हा आता असं कर. त्या कंपनीत काम केलेलं कोण कोण हयात आहे ते काढ, कुणाचा हेल्पर, कुणाचा मेस्त्री, एकाला गाडीपाशी घेऊन जा, खुर्ची दे, चहा दे आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेव. प्रश्न फार विचारू नको, त्याला गाडीभोवती फिरू दे, हात जिथं आपोआप जाईल तिथं काहीतरी असतं. आणि दारांच्या आतल्या बाजूंचे फोटो मला पाठव, दोन्ही दारांचे. क्रेनवर लिहिलेलं काही वाचता येत असेल तर तेही. पॉलिश पेपर अजून आणला नसशील अशी आशा आहे, आणला असशील तर वापरायला नको म्हणून नाही, बिल ठेव फक्त, परत देता येईल.